प्रिन्स अजून पळतोय, बॉस!

जानेवारी २०२६ मध्ये एक बातमी आली आणि मी मेंबर असलेल्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप्सवर एकाच संध्याकाळी शोकसभा भरली. युबीसॉफ्ट या बड्या फ्रेंच गेम कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक कायमचा गुंडाळला. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एक तर हा रिमेक मुळात आपल्या पुण्यात बनायला घेतला होता. आणि दुसरं म्हणजे शोकसभेला आलेली मंडळी तरी बघा! एक सीए, दोन आयटीवाले, एक डेंटिस्ट आणि आमचा दादा (म्हणजे माझा मामेभाऊ), ज्याने गेल्या दहा वर्षांत मोबाइलवरच्या ल्यूडोपलीकडे एकही गेम खेळलेला नाही. सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. सगळ्यांचा सूर एकच, ‘आपला प्रिन्स गेला यार!’

गंमत म्हणजे यातल्या एकानेही २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ धड खेळलेला नाही. त्यांचा प्रिन्स वेगळाच. पांढरा पायजमा घातलेला, बोटभर उंचीचा, काळ्या स्क्रीनवरच्या निळसर तुरुंगात धपकन येऊन पडणारा आणि त्याच्यामागे खळ्ळकन दार बंद होणारा. १९८९ सालचा. रिमेक कुठल्या प्रिन्सचा होता याच्याशी त्यांना काहीच देणंघेणं नव्हतं!

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. माझ्या लॅपटॉपमध्ये असे गेम्स आहेत ज्यांच्या एकेका झाडाच्या पानांवर कुणी महिना महिना घालवलाय. त्यातला एकही मला दोन वर्षांनी आठवेल याची गॅरंटी नाही. मग एका फ्लॉपीत मावणारा हा बाबा ३५ वर्षांहून जास्त काळ टिकतो कसा?

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी स्टोरी दोन ओळींत. सुलतान लढाईवर गेलाय, दुष्ट वजीर जाफर राजकन्येला म्हणतो, तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. आपण तळघरातल्या तुरुंगात. साठ मिनिटांत वर महालात पोचायचं, बस्स. मध्ये खिळे, कोसळणाऱ्या फरश्या, माणसाचे दोन तुकडे करणारी कात्रीसारखी दारं आणि तलवारवाले शिपाई.

आता या साठ मिनिटांचा फंडा नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. तुम्हाला मरण्याची पूर्ण मुभा आहे. शंभर वेळा मरा, लेव्हल परत पहिल्यापासून सुरू होते. पण घड्याळ परत सुरू होत नाही. ते पुढेच पळतं. म्हणजे जीव फुकट आणि वेळ महाग. बाकीच्या गेम्सनी आपल्याला नेमकं उलटं शिकवलं होतं, की जीव तीनच आहेत आणि वेळ काय, सुट्टी पडलीय, संपतोय थोडाच! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास घालवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक. या गेममध्ये स्कोअर नाही. नाणी नाहीत, बॅज नाहीत, ‘सलग सात दिवस आलात, शाब्बास’ वगैरे तर अजिबात नाही. आमच्या एका क्लायंटच्या ऑफिसात टाइमशीट वेळेवर भरली की स्क्रीनवर फुलबाजे उडतात. (खोटं नाही, मी स्वतः पाहिलेत.) प्रिन्सला कुणी फुलबाजे उडवत नाही. उडी बरोबर पडली तर तो पलीकडे असतो, नाहीतर खाली. एवढाच फीडबॅक!

दादाला हा गेम १९९६ साली मिळाला. कर्वे पुतळ्याजवळ एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये कॉम्प्युटर क्लास होता. शिकवायचे वर्डस्टार आणि लोटस, पण शनिवारी शेवटची वीस मिनिटं ‘प्रॅक्टिकल’ असायचं. प्रॅक्टिकल म्हणजे काय ते सुज्ञांनी ओळखलं असेलच. तिथून तो फ्लॉपीवर गेम घेऊन आला आणि डहाणूकर कॉलनीतल्या अर्ध्या पोरांनी त्याच्या शेजाऱ्यांच्या पीसीवर प्रिन्सला मारलं. त्यात एक गुप्त मंत्र होता. नुसतं ‘प्रिन्स’ टाइप करण्याऐवजी ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप केलं की चीट चालू व्हायचे, लेव्हलच्या लेव्हल ओलांडून पुढे जाता यायचं. ही विद्या कुणाला द्यायची आणि कुणाला नाही यावरून म्हणे कॉलनीत दोन गट पडले होते! दादा अजून सांगतो, ‘मेगाहिट वापरून जिंकलेल्यांना आम्ही जिंकलेले धरतच नव्हतो.’

मी त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. मला हा गेम शाळेच्या लॅबमध्ये भेटला, २००६ च्या सुमाराला, तेव्हाही तो म्हाताराच होता. बाहेर सायबर कॅफेत पोरं काउंटर स्ट्राइक खेळत होती आणि आम्ही मुली लॅबच्या कोपऱ्यातल्या, कुणालाच नको असलेल्या मशीनवर या पायजमावाल्याला खिळ्यांवर पाडत होतो. पहिल्या वेळी तो खिळ्यांवर पडला तेव्हा माझ्या मैत्रिणीने चक्क डोळे मिटून घेतले. बोटभर चित्र, हो! पण खरंच लागल्यासारखं वाटायचं.

ते का वाटायचं, हे मला परवा कळलं. माझा एक मित्र गेम अ‍ॅनिमेटर आहे, शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत. पौड रोडवर चहा पिता पिता त्याने फोनवर प्रिन्सची उडी मला थांबवून थांबवून दाखवली. ‘बघ, बटण दाबल्या दाबल्या हा उडत नाही. आधी अंग सावरतो, मग पाय टाकतो, मग उडतो. पळताना मध्येच थांबवलास तर घसरत थांबतो. टोकाला लटकला की आधी हेलकावा खातो. याला वजन आहे.’ मारिओ हवेतल्या हवेत दिशा बदलतो, तो कार्टून आहे. प्रिन्स एकदा उडला की उडला. निर्णय तुमचा, आणि तो उडीच्या आधी घ्यायचा.

आणि हे वजन आलं कुठून? खऱ्या माणसाकडून! जॉर्डन मेक्नर नावाचा पोरगा १९८५ मध्ये येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडला होता. ‘कराटेका’ नावाचा त्याचा पहिला गेम आधीच हिट झाला होता. त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घातले, न्यूयॉर्कजवळच्या एका पार्किंग लॉटमध्ये नेलं आणि पळायला, उड्या मारायला, भिंतीला लटकायला लावून व्हिडिओ शूट केला. मग ती टेप टीव्हीवर लावायची, पॉज करायचं, स्क्रीनचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, फोटो धुऊन आणायचे, मार्कर आणि व्हाइटनरने आकृती गिरवायची, झेरॉक्स काढायची आणि मग ती कॉम्प्युटरमध्ये घालायची. एकेका फ्रेमला! इंजिनीअरिंगची सबमिशन्स आठवली ना? अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्याने हात जोडले असते.

तलवारबाजीसाठी भाऊ कामाचा नव्हता. म्हणून मेक्नरने १९३८ चा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ लावला आणि एरॉल फ्लिन व बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वातले असे काही सेकंद शोधले जिथे दोघं बाजूने, अगदी समोरासमोर दिसतात. आपल्या प्रिन्सचे वार म्हणजे एरॉल फ्लिनचे वार. संगीत कुणाचं? वडिलांचं, फ्रान्सिस मेक्नर यांचं. थोडक्यात काय, फॅमिली बिझनेस! चार वर्षं लागली.

पण माझ्या मते या गेमचा खरा हीरो आहे चौथ्या लेव्हलमधला आरसा. तुम्ही पळत जाता, वाटेत आरसा आडवा येतो, पळत उडी मारून त्याच्या आरपार जायचं. जाता. आणि दुसऱ्या बाजूने तुमचंच एक सावलीसारखं रूप बाहेर पडून पळून जातं. पुढे हा गडी तुमच्या तोंडचं औषध पिऊन टाकतो, तुमच्या नाकासमोर दार बंद करतो. शेवटी तलवार घेऊन समोर उभा राहतो. तुम्ही वार करता आणि जखम तुम्हालाच होते!

दादा सांगतो, १९९७ च्या मे महिन्यात चार पोरं चार दिवस इथे अडकली होती. मारायचं तर आपणच मरतो, मग करायचं काय? पाचव्या दिवशी एकाने, वैतागून, तलवार म्यान केली. समोरच्यानेही केली. दोघं एकमेकांकडे धावले आणि एक झाले. पुढे जिथे नुसता खड्डा होता तिथे पाऊल टाकलं की फरशी उगवायला लागली. दादा म्हणतो, सगळी पोरं गप्प झाली होती. तेरा-चौदा वर्षांची पोरं गप्प होणं, तेही मे महिन्यात, ही ऐतिहासिक घटनाच म्हणायची.

यातली मजा म्हणजे हे सगळं ठरवून झालेलं नाही. मेक्नरच्या पहिल्या प्लॅनमध्ये मारामारीच नव्हती. त्याची मैत्रीण टॉमी पिअर्स सारखी मागे लागली होती की गेममध्ये लढायला कुणीतरी हवं. पण अ‍ॅपल टू या मशीनची मेमरी संपलेली, नवीन पात्राची चित्रं ठेवायला जागाच नाही. तेव्हा त्याने प्रिन्सचीच चित्रं वापरली, फक्त थोडी सरकवून आणि रंग उलटे करून. झाला शत्रू तयार! शिपाई नंतर आले, जागा काटकसरीने वाचवून. वन रूम किचनमध्ये पाहुण्यांची सोय करणाऱ्या कुठल्याही पुणेकर गृहिणीने मेक्नरच्या पाठीवर थाप मारली असती.

आणि एवढं करून गेम आला तेव्हा चालला नाही! १९८९ पर्यंत अ‍ॅपल टूचा जमाना संपत आला होता. पुढे डॉसवर आला, मॅकवर आला, जपानमध्ये, युरोपात गेला, तेव्हा कुठे लोकांनी डोक्यावर घेतला. आपल्याकडे तो आला तो डॉसवाला. दुकानातून किती जणांनी विकत घेतला हे विचारू नका, प्लीज.

आता येऊ या पुण्यावर.

२००३ मध्ये युबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने ‘सँड्स ऑफ टाइम’ काढला. मेक्नरही त्यात होता. इथला प्रिन्स भिंतींवरून पळतो आणि त्याच्याकडे एक खंजीर आहे ज्याने वेळ मागे फिरवता येतो. उडी चुकली? बटण दाबा, दहा सेकंद मागे. भन्नाट आयडिया, मला तो गेम जाम आवडतो. (याच मालिकेच्या पुढच्या भागावर काम करता करता त्यातून ‘अ‍ॅसासिन्स क्रीड’ जन्माला आला, २००७ मध्ये.) पण साठ मिनिटांची जी धडधड होती, ती त्यात नाही. वेळ मागे फिरवता यायला लागला की तो स्वस्त होतो.

युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. पुढची बरीच वर्षं इथल्या लोकांनी टेस्टिंग केलं, एका मशीनवरचे गेम दुसऱ्या मशीनवर नेले, ‘जस्ट डान्स’सारख्या मालिकांवर काम केलं. पडद्यामागचं काम. आणि मग १० सप्टेंबर २०२० ला ट्रेलर आला : ‘सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक, बनवणार पुणे आणि मुंबई! ज्या गेमच्या फ्लॉप्या आपण इथून तिथे फिरवल्या, त्याच घराण्यातला गेम आपल्या गावात बनणार. दादाने त्या दिवशी कॉलनीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. (लॉकडाउन नसता तर वाटलेही असते.)

दुसऱ्या दिवसापासून जगभरातून जोडे पडायला सुरुवात झाली. ग्राफिक्स जुनाट, चेहरे प्लॅस्टिकचे, मीम्सचा पूर. मी तो ट्रेलर परवा पुन्हा पाहिला. खरं सांगू? टीका खोटी नव्हती. पण निर्दयी होती. लोक त्याची तुलना २००३ च्या गेमशी करत नव्हते, आपल्या डोक्यातल्या गेमशी करत होते. आणि डोक्यातल्या गेमची ग्राफिक्स कार्ड दरवर्षी अपग्रेड होत असतात. अशा गेमचा रिमेक, स्टुडिओचं पहिलंच एवढं मोठं काम, आणि बनवणारे सगळे घरी बसून. सोपं नव्हतं, बॉस.

पुढचं सगळं तारखांमध्येच सांगते. २१ जानेवारी २०२१ ला येणार होता, तो १८ मार्चवर गेला. फेब्रुवारीत ‘नंतर कधीतरी’ झाला. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे दिलं. २०२४ च्या जूनमध्ये एक मेणबत्तीचा छोटा टीझर आला, २०२६ मध्ये येणार म्हणाले. आणि २०२६ च्या जानेवारीत मेणबत्ती विझली.

याच २०२० मध्ये पुण्यात आणखी एक गोष्ट घडली, जिचा गाजावाजा मानाने कमी झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या इथल्या छोट्याशा टीमचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्टमध्ये आला, रिमेकच्या ट्रेलरच्या जेमतेम महिनाभर आधी. २०१७ मध्ये लोकवर्गणीसाठी केलेली किकस्टार्टर मोहीम फसली होती, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. भाऊ हरवलेली एक छोटी मुलगी, राक्षस, दुर्गा आणि विष्णू. आणि ती भिंतींवरून पळते, खांबांवर चढते, ते बघताना प्रिन्सची आठवण येतेच. द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नॉमिनेशनपर्यंत तो गेम पोचला. म्हणजे प्रिन्सचा रिमेक नाही झाला, पण त्याची एक लांबची चुलत बहीण पुण्यात जन्मली, असं म्हणायला हरकत नाही.

माझ्या अ‍ॅनिमेटर मित्राला रिमेकची बातमी माझ्यापेक्षा जास्त लागली. तो त्या प्रोजेक्टवर कधीच नव्हता, पण त्याचं म्हणणं साधं होतं. ‘सिनेमा पडला तरी निदान लागतो गं. गेम रद्द झाला की तू केलेलं काम तुला कुणाला दाखवताही येत नाही. इंटरव्ह्यूला काय सांगायचं, तीन वर्षं काय केलं?’ त्याला सध्या खराडीतल्या एका बँकेच्या टेक सेंटरची ऑफर आहे. अ‍ॅपमधली बटणं कशी हलावीत हे ठरवायचं. पगार जवळजवळ दुप्पट. आई-बाबा खूश, लग्नाच्या बायोडेटात एकदाचं समजेल असं काहीतरी लिहिता येईल म्हणून. तो एकोणतीस वर्षांचा आहे. ऑफरला उत्तर द्यायला त्याच्याकडे दहा दिवस होते. त्यातले चार आम्ही चहा पिण्यात घालवले.

मी त्याला मेक्नरच्या खोक्याची गोष्ट सांगितली. मूळ प्रिन्सचा सोर्स कोड, म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, मेक्नरकडूनच हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या डिस्कचा खोका सापडला. जाणकारांना बोलावून त्या वीसेक वर्षांहून जुन्या डिस्क वाचल्या, आणि मेक्नरने तो सगळा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करून टाकला. मित्र म्हणाला, ‘हो, पण त्याच्याकडे खोका होता. आमचं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं.’ यावर मला काही सुचलं नाही. आम्ही अजून एक चहा मागवला.

खोक्यावरून आठवलं. डहाणूकर कॉलनीत सध्या दर दुसऱ्या बिल्डिंगचा रिमेक चालू आहे, त्यात दादाचीही आहे. गेल्या महिन्यात माळा रिकामा करायला मी आणि वहिनी गेलो, तर पितळी भांडी, तीन फोल्डिंग खुर्च्या आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा यांच्या मागे दादाच्या फ्लॉप्या निघाल्या. एकीवर बॉलपेनने ‘पीओपी’ लिहिलेलं. वहिनीला वाटलं, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं कोटेशन! फ्लॉपी वाचायला घरात ड्राइव्ह कुणाकडेच नाही, पण गेम आता ब्राउझरमध्येही चालतो. दादाच्या नऊ वर्षांच्या लेकीला मी लॅपटॉपसमोर बसवलं. ती रोब्लॉक्सवाली. आमचा दोघांचा अंदाज, पाच मिनिटांत उठेल.

पहिल्या लेव्हलमध्ये ती अकरा वेळा मेली. चौथ्यांदा मेल्यावर तिने विचारलं, ‘आत्या, इथे जाहिरात बघून लाइफ मिळत नाही?’ सातव्यांदा, ‘हा थांबत का नाही मी थांब म्हटल्यावर?’ मी म्हटलं, घसरतोय तो, आधीच थांबवायचं. दादा सोफ्यावरून ओरडला, ‘शिफ्ट दाबून चाल! शिफ्ट!’ बाराव्या वेळी तिला तलवार सापडली. तिने उचलली, स्क्रीन चमकली, आणि दादाने अशी काही शिट्टी मारली की खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले.

मग मी दादाला हळूच विचारलं, तिला मेगाहिट सांगू का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बोललेच नाही असं समजा.

रात्री साडेनऊला वहिनीने तिसऱ्यांदा ताटं घेतल्याचं जाहीर केलं. पोरगी तिसऱ्या लेव्हलमध्ये सांगाड्यासमोर उभी होती. तो मारून मरत नाही, त्याला कडेवरून खाली ढकलावं लागतं, हे दादाला माहीत होतं, मला माहीत होतं, आम्ही दोघंही बोललो नाही. घड्याळात ३४ मिनिटं उरली होती.

‘आत्या, पॉज केलं तर वेळ थांबतो ना गं?’

थांबतो, म्हटलं. जेवून ये.